खोट्या विंचवाचा जबाब

४ मार्च

ती. दादास,

हे पत्र निम्मं घरचं आहे आणि निम्मं सरकारी. घरचं आधी उरकते. मी बरी आहे, गुडघा बरा नाही. आईला सांग की लोकरीचे मोजे मिळाले, दोन्ही उजव्या पायाचे आहेत आणि तरीही ऊब देतात.

आता सरकारी. आमच्या संग्रहालयाला नवे साहेब आले आहेत. याआधी बावीस वर्षं ते जकात खात्यात होते आणि नकली घड्याळं पकडायचे. पहिल्याच दिवशी त्यांनी आम्हाला ओळीत उभं केलं आणि समजावलं की घड्याळ स्वस्त असणं गुन्हा नाही, बंद असणंही गुन्हा नाही, पण तबकडीवर भलत्याचं नाव असलं की माल खोटा, आणि खोट्या मालाची जागा भट्टीत. आम्ही सगळ्यांनी माना डोलावल्या. आमच्याकडे घड्याळ एकच आहे आणि त्यावर कुणाचंच नाव नाही.

काल ते माझ्या कपाट क्रमांक नऊपाशी आले. तुला माहीतच आहे, एकोणीस वर्षं मी हे कपाट सांभाळतेय आणि त्यातल्या एक्केचाळीस वस्तूंची लेबलं माझ्याच हातची आहेत. साहेबांनी ती एकेक वाचली. मग विचारलं, हे सगळे स्यूडो कोण, एकाच घराण्यातले का? मी म्हटलं, साहेब, ते घराणं नाही, उपसर्ग आहे, ग्रीक आहे. ते म्हणाले, अर्थ लेखी आणा, शिक्क्यासकट. मी तोंडी सांगायला गेले तर त्यांनी कानावर हात ठेवले.

तू कोश कार्यालयात उपसर्गांच्याच विभागात बसतोस, तेव्हा एक कार्ड पाठव. शक्य असेल तर जरा सविस्तर लिही.

साहेबांनी विचारलं, कोश कार्यालयात तुमचं कोण? मी म्हटलं, भाऊ. सख्खा का? मी म्हटलं, माझ्या आईने त्याच्या वडिलांशी लग्न केलं तेव्हा मी सात वर्षांची होते आणि तो नऊ. त्यांनी खिशातल्या वहीत लिहून घेतलं: ‘भाऊ. तपासणी बाकी.’

तुझी,
वडिलांकडूनही नाही आणि आईकडूनही नाही अशी बहीण

*

९ मार्च

कोश कार्यालय, उपसर्ग विभाग, खण क्रमांक सत्तावीस

उपसर्ग: स्यूडो.
अर्थ: खोटा. (ग्रीक)
उदाहरण: आमच्या कार्यालयातल्या घड्याळात वाजलेले पाच.

(सही, शिक्का)

*

१३ मार्च

ती. दादास,

कार्ड मिळालं. तीन ओळी. तुला हात दुखेपर्यंत लिही असं मी म्हटलं नव्हतं, पण इतकी काटकसर?

साहेबांनी कार्ड दोनदा वाचलं, शिक्का उजेडात धरून तपासला आणि म्हणाले, ‘एक्केचाळीस नग. आणि तुम्ही स्वतःच्या हाताने तसं लिहून ठेवलंत. इतका प्रामाणिक चोर मी बावीस वर्षांत पाहिला नाही.’ मग लाख वितळवून त्यांनी कपाटाला सील ठोकलं. सील ठोकताना त्यांच्या चेहऱ्यावर जे समाधान होतं ते पाहून मला क्षणभर त्यांच्यासाठी बरंही वाटलं.

कपाटाबाहेर राहिला तो मेणाचा अमीबा. तो परातीएवढा आहे, कपाटात मावत नाही. त्याच्या लेबलवर मी लिहिलंय की हा स्यूडोपोडियांच्या, म्हणजे छद्मपादांच्या साहाय्याने सरकतो. साहेब म्हणाले, बाकीचा प्राणी खरा आहे, त्याला कशाला शिक्षा, फक्त खोटे पाय जप्त करा. सुतार आला आणि त्याने सहाही पाय करवतीने कापले. अमीबा आता नुसता गोळा आहे. मुलांची सहल आली होती, त्यांना तो चंद्र वाटला.

आणि माझा विंचू आत अडकलाय. तोच, छद्मविंचू, तिळाएवढा, बिनशेपटीचा. नोकरीच्या पहिल्या आठवड्यात तो मला जुन्या नोंदवहीच्या शिवणीत सापडला होता. पुस्तकांत राहतो, कागद खाणाऱ्या उवा खातो, आजवर कुणाला चावला नाही. त्याच्या बाटलीवर आता ‘खोटा माल’ अशी चिठ्ठी आहे.

एक विचारू? ‘खोटा’ हा शब्द तुझ्या अक्षरात मी याआधी एकदाच पाहिलाय. तुला आठवत असेल तर कळव.

तुझी,
सीलबंद बहीण

*

१८ मार्च

कपाट क्रमांक नऊच्या बाईंस,

कार्डावर तीनच ओळी छापलेल्या असतात, त्यात माझा काय दोष? पहिली ओळ उपसर्गाची, दुसरी अर्थाची, तिसरी उदाहरणाची. उदाहरण सही करणाऱ्याच्या स्वतःच्या पाहण्यातलं लागतं. पुस्तकातलं चालत नाही, कारण पुस्तकं एकमेकांची नक्कल करतात असं आमच्या प्रमुखबाईंचं मत आहे. त्या तीस वर्षं या विभागात आहेत आणि साक्षीदार नसलेल्या अर्थाला अफवा म्हणतात. ‘टेली’च्या खणावर बसणारे गृहस्थ उदाहरणासाठी खिडकीतून लांबचं काहीतरी बघत दिवस काढतात. मला घड्याळ तरी समोर होतं.

सविस्तर ऐकायचंच असेल तर ऐक. ग्रीक भाषेत ‘स्यूडोस’ म्हणजे असत्य, आणि त्याच मुळापासून खोटं बोलणं, फसवणं अशी क्रियापदं आली. शास्त्रज्ञांनी तो शब्द तिथून उचलला आणि एखाद्यासारखं दिसणाऱ्या, पण ते नसणाऱ्या कशाच्याही पुढे लावून दिला. पायासारखं दिसतं पण पाय नाही, तो स्यूडोपोडियम. फळासारखं दिसतं पण फुलाच्या भलत्याच भागापासून झालेलं असतं, ते स्यूडोकार्प. सफरचंदसुद्धा त्यातच मोडतं. हे साहेबांना सांगू नकोस.

अक्षराबद्दल म्हणशील तर ‘खो’ जाड आला हे खरं आहे. नीब फाटली होती. नवी मागवली आहे.

आई विचारते, गुडघ्याला काय लावतेस?

खण क्रमांक सत्तावीस

*

२२ मार्च

ती. दादास,

मी तुला नीबबद्दल विचारलं नव्हतं. असो.

सफरचंदाचं साहेबांना सांगू नकोस असं तू लिहिलंस, पण माझी पत्रं आता साहेबांच्या टेबलावरून येतात. त्यांनी ते वाक्य वाचलं तेव्हा जेवणाची सुट्टी होती आणि त्यांच्या हातात अर्धं खाल्लेलं सफरचंद होतं. त्यांनी ते हळूच खाली ठेवलं, स्वतःच्या नावे जप्तीची पावती फाडली, तिच्यावर स्वतःच सही केली आणि उरलेला घास पंचांसमक्ष थुंकला. पंच मीच होते. माणूस वाईट नाही दादा, हीच तर पंचाईत आहे. वाईट असता तर सफरचंद खाल्लं असतं.

त्यानंतर त्यांनी मानवी सांगाड्याकडे मोर्चा वळवला. खालच्या काही फासळ्यांना खोट्या फासळ्या म्हणतात हे त्यांना कुणीतरी सांगितलंय. त्या स्यूडोत येतात का, ते कळव. उत्तर येईपर्यंत सांगाड्याला चादर गुंडाळून ठेवली आहे. झाडूवाल्या मावशी त्या खोलीत जायला तयार नाहीत.

आता मुख्य गोष्ट. सगळा खोटा माल पंधरा एप्रिलला जाळायचा असं ठरलंय. आमच्याकडे भट्टी नाही, म्हणून मेण वितळवायच्या शेगडीची ‘हंगामी भट्टी’ म्हणून रीतसर नेमणूक झाली आहे. माल खोटा आहे या कागदावर कपाटाची रखवालदार म्हणून मी सही करायची. मी नाही म्हटलं. साहेब म्हणाले, ‘सही करणार नसाल तर तुम्ही त्याच मालातल्या.’ म्हणजे पंधराला एकतर माझं कपाट जाईल, नाहीतर कपाट आणि मी दोघंही जाऊ.

मला त्या कपाटाची फार माया आहे. लोकांना वाटतं, बाटल्यांची कसली माया. पण एकोणीस वर्षं मी रोज सकाळी त्यांच्यावरची धूळ पुसते. आणि त्यांच्यातल्या एकाने तरी मी अमुक आहे, मी तमुक आहे असं कधी म्हटलंय का? त्या विंचवाने विंचू असल्याचं सांगितलं कुणाला? दिसला तसा आला बिचारा आणि लोकांनी नाव ठेवलं.

काहीतरी कर. तुझ्या कार्डानेच हे सुरू केलंय.

बहीण

*

२९ मार्च

कपाट क्रमांक नऊच्या बाईंस,

फासळ्यांचं आधी. ते नाव लॅटिनवरून आलंय. लॅटिनचा विभाग आमच्या वरच्या मजल्यावर आहे आणि सात वर्षांपूर्वी एका प्रत्ययावरून भांडण झाल्यापासून मधला जिना बंद आहे. माझ्या अखत्यारीत त्या फासळ्या खऱ्या आहेत. साहेबांना चादर काढायला सांग.

मुख्य गोष्टीवर मी आठवडाभर डोकं चालवलं आणि मला वाटतं, घाव बरोबर बसलाय. उत्तर तुझ्याच पत्रात आहे. साहेबांचा नियम काय? भलत्याचं नाव सांगणारं घड्याळ खोटं. म्हणजे खोटेपणाला आधी दावा लागतो. मग त्यांना म्हणावं, जकातीत तुम्ही माल जाळण्याआधी मालकाचा जबाब घेत होतात ना? इथेही घ्या. प्रत्येक बाटलीला विचारा, तू विंचू असल्याचा दावा केलास का? जो दावा करेल तो जाळा.

हे त्यांना नक्की पटेल. नियमावर चालणाऱ्या माणसाला नियमानेच अडवायचं असतं. मी स्वतः नियमावर चालतो म्हणून सांगतो.

आई म्हणते, तिला कपाटासकट इकडे घेऊन ये. मी म्हटलं, एवढी जागा कुठे आहे? ती म्हणाली, तुझ्या पुस्तकांची रद्दी काढ.

खण क्रमांक सत्तावीस

*

७ एप्रिल

ती. दादास,

तुझी अक्कल पाहून मी हात टेकले.

साहेबांना तुझं म्हणणं पटलं. इतकं पटलं की त्यांनी सलग चार दिवस जबाब घेतले. समोर टेबल, टेबलावर बाटली, बाटलीपुढे पाण्याचा पेला. प्रत्येकाला विचार करायला दहा मिनिटं. माझ्या विंचवाचा जबाब नकलून पाठवते:

‘नाव विचारले असता गप्प. व्यवसाय विचारला असता गप्प. आपण विंचू आहात काय, असे तीन वेळा विचारले. दावा केला नाही. शेपूट दाखवा म्हटले असता दाखवू शकला नाही, मात्र आहे असेही म्हणाला नाही. वर्तणूक शांत.’

अमीबाचा जबाब घेताना साहेबांचा आवाज जरा ओला झाला. पाय गेल्यावरही त्याने तक्रार केली नाही, असं त्यांनी समासात लिहिलंय. एक्केचाळीसच्या एक्केचाळीस निर्दोष सुटले आणि सील निघालं. मी आनंदाने बाटल्या पुसायला फडकं घेतलं.

तेवढ्यात साहेब म्हणाले, ‘थांबा. मालाने दावा केला नाही. पण दावा तर झालाय, लेबलवर लिहिलेला आहे. तो कुणी केला?’

मी म्हटलं, लेबलं मी लिहिली.

तर आता गुन्हेगार मी आहे. निर्दोष प्राण्यांच्या तबकडीवर भलत्यांची नावं घालणारी टोळी, एकूण सदस्य एक. कपाट वाचलं, मी गेले. पंधरा तारखेला लेबलं शेगडीत आणि मी घरी. मी सांगून पाहिलं की नावं मी ठेवली नाहीत, ती शेकडो वर्षांपूर्वी दुसऱ्यांनी ठेवली. साहेब म्हणाले, तसं असेल तर कार्ड आणा. खोटेपणा ना मालाचा, ना लेबल लिहिणाऱ्याचा, मग कुणाचा, ते शिक्क्यासकट लिहून आणा. मी चौदा तारखेच्या टपालाची वाट पाहीन.

मला रडू येत नाही, संताप येतोय. आयुष्यभर दुसऱ्याने ठेवलेली नावं मी नीटनेटक्या अक्षरात लिहीत आले, आणि आता तीच माझ्या अंगावर आली आहेत. तुला यातलं कितपत कळेल ठाऊक नाही.

*

११ एप्रिल

तुला,

सलाम-नमस्कार राहू दे, घाई आहे.

तुझं पत्र वाचलं आणि मी सरळ प्रमुखबाईंकडे गेलो. म्हटलं, स्यूडोचं कार्ड चुकलंय. कार्यालयाच्या इतिहासात असं कुणी म्हटलेलं नाही, त्यामुळे त्यांना आधी खुर्ची लागली. मग समिती बसली. मी सांगितलं की ‘खोटा’ हा ग्रीक शब्दाचा अर्थ बरोबर आहे, पण तो चिकटवला भलत्यालाच. कुणीतरी एक तिळाएवढा जीव पाहिला आणि घाईने विंचू म्हणाला. मग जवळून पाहिलं तर तो विंचू नव्हता. आता चूक कुणाची? पाहणाऱ्याची. पण त्याने आपले शब्द मागे घेतले नाहीत. त्याऐवजी त्या जिवाच्या नावापुढे ‘खोटा’ लावला आणि निघून गेला. तेव्हापासून तो जीव दुसऱ्याची चूक पाठीवर घेऊन हिंडतोय.

प्रमुखबाईंनी चष्मा पुसला. मग म्हणाल्या, ‘अर्थ मान्य. उदाहरण?’

मी म्हटलं, हा विंचूच घ्या. त्या म्हणाल्या, तो तुमच्या बहिणीच्या पाहण्यातला, तुमच्या नाही. तुम्ही स्वतः अशी चूक होताना पाहिली आहे का? नसेल तर जुनं कार्ड कायम.

माझ्याकडे उदाहरण आहे. चाळीस वर्षं आहे. तू मार्चमध्ये विचारलंस तेव्हाही होतं, आणि मी तुला नीबचं कारण सांगितलं. नीब फाटली नव्हती.

घरी येऊन मी आईला सांगितलं. मला वाटलं, तिला धक्का बसेल. ती वाटाणे सोलत होती. म्हणाली, ‘मला त्याच दिवशी कळलं होतं. तू आपणहून सांगशील म्हणून विचारलं नाही.’ आणि मग म्हणाली, शेंगा संपव, माझ्या पाठीला कळ लागली आहे. मी तिथेच बसून सगळ्या शेंगा सोलल्या. मला फार लाज वाटली.

कार्ड वेगळ्या टपालाने येतंय.

*

१२ एप्रिल

कोश कार्यालय, उपसर्ग विभाग, खण क्रमांक सत्तावीस

(आधीचे कार्ड रद्द)

उपसर्ग: स्यूडो.
अर्थ: घाईने पाहणाऱ्याची चूक, जी त्याने पाहिलेल्याच्या माथी मारली. (ग्रीक)
उदाहरण: मी नऊ वर्षांचा असताना माझ्या बहिणीच्या वहीच्या लेबलवर, तिच्या नावाच्या वर, ‘खोटी बहीण’ असे लिहिले. ती बहीण होती.

(सही, शिक्का)

*

१७ एप्रिल

ती. दादास,

कार्ड चौदाला आलं. ते आधी साहेबांनी वाचलं, मग मला वाचायला दिलं आणि स्वतः खिडकीपाशी जाऊन उभे राहिले. मी रडले. तीन छापील ओळींत तू तिसरी ओळ मागच्या बाजूपर्यंत नेलीस, त्याबद्दल तुझ्यावर कारवाई होणार असेल तर मला कळव.

पण जकातीचा माणूस तो जकातीचाच. थोड्या वेळाने मागे वळून म्हणाले, उदाहरणाला पुरावा आहे का? वही हजर करा.

मी हजर केली. हो, माझ्याकडे आहे. कपाट नऊच्या खालच्या खणात, फडक्यांच्या खाली. आधी रागाने ठेवली होती, नंतर सवयीने, आणि गेली काही वर्षं तर का ठेवली आहे ते मलाही सांगता येत नव्हतं. साहेबांनी भिंग लावून लेबल पाहिलं, कार्डावरच्या अक्षराशी ताडून पाहिलं. ‘खो’ जुळला म्हणाले. तेव्हाही जाडच होता.

मग त्यांनी वही उघडली आणि एकदम थबकले. शिवणीत एक जण चालत होता. तिळाएवढा, पुढे दोन नांग्या. माझी वही चाळीस वर्षांत उवांनी कशी खाल्ली नाही याचं मला नेहमी नवल वाटायचं.

‘शेपूट नाही याला,’ साहेब म्हणाले.

‘नाही साहेब. कधीच नव्हती.’

‘मग विंचू कोण म्हणालं?’

‘घाईत होता तो, साहेब. लहान होता.’

साहेबांनी वही अलगद मिटली, विंचवाला आतच राहू दिलं. शेगडीची हंगामी नेमणूक रद्द झाली. अमीबाचे पाय त्यांनी स्वतः बसून डकवले. सहाचे सात झाले आहेत, एक कुठून आला ते कुणालाच माहीत नाही, पण अमीबाचं त्यात काही बिघडत नाही. दुपारी त्यांनी सफरचंद खाल्लं. आणि जाताना खिशातली ती छोटी वही काढली, पहिलं पान उलटलं, ‘तपासणी बाकी’ हे दोन शब्द खोडले आणि ‘भाऊ’ तेवढं राहू दिलं.

माझी वही आता कपाटातला बेचाळिसावा नग आहे. इथल्या नियमाप्रमाणे प्रत्येक नगाला नवं लेबल लागतं, आणि या एकाचं मी लिहायचं नाही असं साहेबांचं म्हणणं आहे. मी ते कोरं ठेवलंय. रविवारी आईला घेऊन ये आणि तूच लिही.

येताना चांगली नीब आण.

तुझी,
बहीण